रुपालीताईने पुसायला लावलेला लाल ठिपका

रुपालीताईला विद्यापीठातून हाकललं, असं आमच्या मोहल्ल्यात पसरलं. पानठेल्यावर प्रणित हात नाचवत सांगत होता, "कॉपी करतानी पकडलं म्हनते तिले. पीएचडीवाल्याईले बी कॉपी लागते, बाप्पा!" त्याची आई केसरबाई त्याच्याही पुढे. "कॉपी नाई रे, मशीन चोरली. माह्या कानानं आयकलं."

केसरबाईच्या कानाने ऐकलेलं अर्धं तिच्या तोंडातच तयार होतं. झालं ते वेगळंच.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या पुढे. गावाच्या टोकाला तलाव, तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याला, आम्हा मासेमार ढिवरांची घरं. त्यातल्याच एका घरातली रुपालीताई विद्यापीठात तलावातल्या मासोळ्यांवर पीएचडी करते. तिला राग आला की आधी नाकाचा शेंडा हलतो, मग शब्द येतात. मी गावात सगळ्यांची नक्कल करते, तो शेंडासुद्धा हुबेहूब हलवते.

तलावाच्या एका कोपऱ्यात, गवतात, मरळ मासोळी पिल्लं काढते. नर-मादी पिल्लांना राखत तिथंच थांबतात, पळत नाहीत. म्हणून आमच्यातलं कोणी तिथे जाळं टाकत नाही आणि बाहेरच्याला जागा सांगत नाही. बाहेरचे येऊन बॅटरीचा करंट सोडतात, मग पिल्लांसकट सगळं उलटं होऊन वर येतं. कुंताकाकी बायांच्या मासेमारी गटाची म्होरकी. तिने ताईला तो कोपरा दाखवला तेव्हा बजावलं होतं, "तू आपली पोरगी हायेस म्हनून. तुह्या सराले नाई."

ताईने ती जागा कुठेच लिहिली नाही. पण गळ्यात विद्यापीठाचं जीपीएस यंत्र होतं, ते बंद करायचं विसरली. यंत्र तिच्या पीएचडीच्या सरांकडे परत गेलं, जागेसकट.

मग विद्यापीठात प्रशिक्षण लागलं. आधी संशोधनातली नैतिकता, मग नेतृत्वविकास, शेवटी अनुदान कसं मिळवायचं. ताईची मैत्रीण दिव्यानी हिने त्याचं रेकॉर्डिंग पाठवलं, म्हणून मला ते तोंडपाठ आहे. बाहेरून आलेल्या मॅडम, साखरेच्या आवाजात: "संमती म्हणजे नुसती सही नव्हे हं, तो विश्वास असतो." टाळ्या. जेवणानंतर सगळ्यांना उभं करून म्हणायला लावलं, "मी नेता आहे!" पुन्हा टाळ्या. मग ताईचे सर, एक हात खिशात: "सो, बेसिकली, अनुदान देणाऱ्याला काहीतरी युनिक दाखवावं लागतं." पडद्यावर आमचा तलाव. कोपऱ्यावर लाल ठिपका. खाली गावाचं नाव.

ताई उठली. "सर, तो ठिपका काढा."

"प्रश्न शेवटी, रुपाली."

"प्रश्न नाई हाये. काढा म्हनून सांगून राह्यली."

विद्यापीठात ती आपली बोली कधीच बोलत नाही. त्या दिवशी दुसरी आठवलीच नसणार. "कोनाले इचारलं तुमी?"

"अगं, यंत्र विद्यापीठाचं. डेटा विद्यापीठाचा."

"आन् तलाव?"

सर हसले. ताई मॅडमकडे वळली. "मॅडम, तुमीच बोलल्या ना आत्ता? विश्वास म्हनून?"

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "आपण हे चहाच्या वेळी बोलूया का?"

चहाच्या वेळी! ते हसू आणि ते घड्याळ मी इतक्या वेळा करून पाहिलंय की आता करताना माझे दात आवळले जातात.

सरांनी ताईला सोमवारपर्यंत मुदत दिली. लेखी माफी, नाहीतर प्रकल्पातून बाहेर. नकाशाही सोमवारीच अनुदानाच्या अर्जासोबत जाणार होता. एकदा गेला की कोणाच्या हाती लागेल, कोण सांगणार? ताई घरी आली ती सरळ कुंताकाकीकडे. आपली चूक सांगितली, सोमवारचंही सांगितलं. काकी जाळं विणत राहिली, वर पाहिलंसुद्धा नाही. सरांपुढे न घाबरलेली ताई तिथे मात्र रडली.

"मांगून टाक न माफी," तिची आई कमळाबाई म्हणत होती. "एवढं शिकली, पान्यात घालतं का?"

मलाही तसंच वाटलं. मोठ्या माणसांपुढे शेवटी सगळे नमतात. मी ताईला डिवचलं, "तू माफी मांगशीन. लाव शर्त." जिंकले तर तिने मला चंद्रपूरला सिनेमा दाखवायचा. हरले तर ज्याची नक्कल करायची, त्याला आधी विचारायचं. नाकाचा शेंडा हलला. "लावली."

सोमवारी ती बसथांब्यावर पोचली, तर कुंताकाकी गटातल्या बायांना घेऊन आधीच उभी. ताईशी बोलली नाही, पण बसमध्ये तिच्या बाजूला बसली. विद्यापीठाच्या नैतिकता समितीपुढे ताईने माफीऐवजी तक्रार मांडली. एकाने काकीला समजावणीच्या सुरात सुरुवात केली, "बाई, संशोधन तुमच्याच भल्यासाठी..."

"आमाले इचारलं नाई," काकी म्हणाली. "आता इचारून राह्यले, त नाई म्हनतो. पुसा ते."

समितीने नकाशा अर्जातून काढायला लावला. सरांना कोणी काही म्हटलं नाही. त्यांनी ताईला प्रकल्पातून काढलं, तेही कोणाला खटकलं नाही. विद्यापीठात ती अजून आहे. दुसरे सर शोधते आहे, आणि तोवर आईसोबत बाजारात मासोळ्या विकते. नेतृत्वविकासाचं प्रमाणपत्र मात्र सरांना मिळालं.

शर्त मी हरले. प्रणितला विचारलं, तो म्हणाला कर. केसरबाई म्हणाली तंगडं तोडीन. मग बाजारात ताईसमोर सरांना फोन लावला. "सर, तुमची नक्कल करू का?"

"माझी? मला न विचारता?"

"विचारूनच राह्यली, सर."

"अजिबात नाही!"

ताई इतकी हसली की मासोळ्यांची टोपली कलंडली. तेव्हापासून तोंडाने सरांची नक्कल बंद. लिहिण्याचं शर्तीत नव्हतं.