निरगुडीची फांदी
निरगुडीचा पाला चुरगळल्याचा उग्र वास आला की माझा पाय अजूनही ब्रेक शोधतो. गाडीने राजस्थानला जायचं ठरलं होतं, म्हणून थोरल्या भावाने रस्ता दाखवणारी, हातात धरायची दोन यंत्रं पारखायला आणून माझ्याकडे दिली होती. जे चुकणार नाही, ते ठेवायचं. शहापूरहून डोळखांबमार्गे मुरबाडला निघालो. मी चालवत होतो, मागे आई बसली होती. एका उतारावर एक यंत्र मागे वळायला सांगू लागलं, दुसरं सरळ जायला. रस्त्यात मधोमध निरगुडीची फांदी होती. मी उतरून ती उचलायला वाकलो. आई म्हणाली, "आरं, वर दगड ठेवलाय. रस्ता बंद असंल." "एकाचा बाण सरळ दाखवतोय ना," म्हणत मी दगड बाजूला सारला आणि फांदी झुडपात भिरकावली. वळण घेतलं तर पुढे ओढ्यावरची मोरीच नव्हती, पावसाने नेली होती. गाडी खडीवर घसरत अगदी काठाशी थांबली. खाली पाणी घोंगावत होतं. लाकडाचा भारा टाकून एक बाई धावत आली. "आमी फांदी टाकलेली ना रं! दिसली नाय?" "नाय," मी म्हणालो. आई उतरली, मागे वळणापर्यंत चालत गेली, झुडपातून तीच फांदी काढून तिने रस्त्यात ठेवली आणि वर दगड ठेवला. बाईने फांदीकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. बोटांना पाला चिकटलेला होता. आता फोन "सरळ जा" म्हणतो, तेव्हा मी आधी रस्ता बघतो आणि मग, नकळत, माझे हात.