कडी घासून काढलेलं नाणं

जुनी नाणी जमवायचा नाद मला मोजणी खात्यातल्या नोकरीने लावला. पश्चिम खानदेशातली शेतं साखळीने मोजत आम्ही फिरायचो. दुपारी बांधावर भाकरी खायला बसलो की एखादा शेतकरी जवळ यायचा, "साहेब, नांगरताना सापडनं, हाई काय शे?" म्हणायचा आणि हिरवा पडलेला एखादा पैसा माझ्या हातावर ठेवायचा. त्याला चार-आठ आणे दिले की तो खूश, आणि मी त्याच्याहून खूश. असं करत करत देवपुरातल्या आमच्या दोन खोल्यांत तीनशेवर नाणी झाली. बहुतेक तांब्याची. मोगल येण्याआधी खानदेशावर जे सुलतान होते त्यांचे तांब्याचे पैसे आमच्या भागात मिळतात. बुऱ्हाणपूरच्या टाकसाळीत त्यांनी चांदीचं नाणंही पाडलं होतं असं मी ऐकून होतो. ते प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मात्र मला कधी भेटला नव्हता.

दुसरी मोठी लढाई चालू असताना एके दिवशी मला दोंडाईच्याहून कार्ड आलं. पाठवणारा तिथला मोडवाला होता. लोकांचे तुटके-जुने दागिने वजनावर घ्यायचे, वितळवायचे आणि लगडी करून विकायच्या, हा त्याचा धंदा. एखादं जुनं नाणं हाती लागलं तर ते तो माझ्यासाठी बाजूला काढून ठेवी. या माणसाची मला पहिल्यापासून किळस यायची. डाव्या हाताच्या करंगळीचं नख त्याने वाढवलेलं होतं आणि बोलता बोलता तो ते कानात फिरवायचा. त्याच नखाने दागिन्यांतला मळ कोरायचा. दुकानात पिकदाणी होती, तरी पिंक भिंतीच्या कोपऱ्यात. घरी आल्यावर मी बायकोला हे सगळं रंगवून सांगायचो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच्याकडे जायचो.

त्या कार्डावर एवढंच होतं: "चांदीचे आले आहे. पाहून जावे."

पेट्रोल नसल्यामुळे मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत होत्या. प्रत्येक चढाला उतरून ढकलावं लागे. चेहरा काळा करून मी दोंडाईच्याला पोचलो. त्याने एका डबीतून नाणं काढलं. काळं पडलेलं, वरच्या काठाला कडी डाक देऊन जोडलेली आणि कडीत काळा दोरा तसाच. कुणाच्या तरी गळ्यात वर्षानुवर्षं असलेलं नाणं होतं ते. मी भिंग लावून अक्षरं पाहिली. बुऱ्हाणपूरच्या टाकसाळीची होती. तेच होतं.

"किती?" मी विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला, पण असल्या माणसांना आवाज ऐकावाच लागत नाही.

"दीडशे."

माझा पगार त्याच्या निम्माही नव्हता. नाण्याची किंमत, फार प्रेमाने धरली तरी, चाळीस-पन्नास. मी तसं त्याला सांगितलं.

"असू द्या," तो म्हणाला, "जळगावचे वकीलसाहेबही नाणी जमवतात, त्यांनाही कार्ड टाकलंय. आणि कोणीच नाही घेतलं तर मूस आहे. आज चांदीला भाव आहे, साहेब. मला काय, वितळलं तरी पैसेच."

पंधरा दिवस मी स्वतःशी भांडत होतो. मोजणीच्या फाळणी-पुस्तकात आकडे लिहिताना मला ती अक्षरं दिसायची. घरात स्वयंपाकघरावर घालायच्या पत्र्यांसाठी बाजूला ठेवलेली रक्कम होती. लढाईमुळे पत्रे मिळत नव्हते. मी बायकोला म्हणालो, "पत्रे तर मिळतच नाहीत." ती पीठ मळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "घ्यायचं तर घ्या. पण पत्र्यांचं कारण सांगू नका." मी तिच्याकडून ती सगळी रक्कम घेतली आणि दुसऱ्या दिवशी दोंडाईच्याची मोटार धरली.

दुकानात गेलो तर त्याने मोठ्या कौतुकाने डबी उघडली. नाणं लखलखत होतं. चिंच आणि राख लावून त्याने ते घासलं होतं आणि कडी कानशीने काढून टाकली होती. काठाला एक पांढरी खाच तेवढी राहिली होती.

"हे काय केलंत?"

"साफ केलं तुमच्यासाठी. आता दागिना वाटत नाही, नाणं वाटतं. एकशे पंच्याहत्तर."

जुनं नाणं घासणं म्हणजे त्याची कातडी सोलणं, हे त्याला कळणं शक्य नव्हतं. मी चिडलो. तरीही नाणं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि ते हातातून सोडवेना. त्याच वेळी एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिशीची असेल. पायात काही नाही, लुगड्याचा काठ धुळीने भरलेला. दोन-तीन कोस चालत आली असावी.

"भाऊ," ती त्याला म्हणाली, "मन्हा मालकनी तुमले चांदी दिन्ही व्हती. वाळा आनि एक नाणं. ते नाणं मन्ही आंडेरना गळाम्हा व्हतं. ती गयी. माले ते परत दी द्या. मी पैसा लई उनू."

आंडेर म्हणजे मुलगी. बाईच्या बोलण्यातून कळलं, ती स्वतः भावाकडे गेली असताना नवऱ्याने मेलेल्या पोरीचे वाळे आणि गळ्यातलं नाणं मोडीत घातलं होतं. पदराच्या गाठीत तिने पैसे बांधून आणले होते.

नाणं माझ्या उजव्या हातात होतं. मूठ मी केव्हा मिटली ते मला आठवत नाही. मिटली एवढं नक्की.

मोडवाल्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "ते वितळलं, बाई," तो म्हणाला. "मोडीत दिलेलं वितळणारच. तुझ्या नवऱ्याला विचार."

ती गेली नाही. पायरीवर बसली. रडतही नव्हती. मग म्हणाली, "मंग तेन्हामधली चांदी दी द्या. तीच. थोडीशी."

मला वाटलं, आता तरी हा माणूस गप्प बसेल. तो उठला, मुशीजवळ सांडलेल्या चांदीचे थेंब पडले होते त्यातला हरभऱ्याएवढा एक उचलला, धोतराला पुसला. "हे बघ. त्याच घाण्यातलं आहे. तुझं नशीब, राहिलं." आणि दीड रुपया मागितला. त्या थेंबात दोन आण्यांची चांदी नसेल. तिने गाठ सोडली, सगळे पैसे त्याच्यापुढे ठेवले, थेंब कपाळाला लावला, त्याच गाठीत बांधला आणि गेली.

एक शब्द पुरला असता. "थांबा" एवढा जरी मी म्हणालो असतो तरी चाललं असतं. मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर नाणं गेलं असतं. याच्याखेरीज दुसरं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं. मिळालं नाही.

"ती पण खूश, आपण पण खूश," मोडवाला म्हणाला आणि नख कानात घातलं. मी खिशातून नोटा काढल्या आणि एकशे पंच्याहत्तर रुपये त्याला दिले. घासाघीससुद्धा केली नाही.

दुकानाबाहेर आल्यावर मी स्वतःला सांगितलं की हे मी तिला परत देण्यासाठीच घेतलं. हे खरं की खोटं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी तिच्यामागे धावलो मात्र. गावाबाहेर कापसाच्या जिनाजवळ एका निंबाखाली ती पाणी पीत बसली होती. मी तिच्यापुढे हात उघडला.

"बाई, हे तुमचं नाणं. वितळलं नव्हतं. घ्या."

तिने नाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. परका, चष्मा लावलेला, धापा टाकणारा माणूस. नाणं तिने हातात घेतलंही नाही.

"हाई ते नही, भाऊ," ती म्हणाली. "ते काळं व्हतं. त्याले कडी व्हती."

"कडी त्याने काढली. घासलंय त्याने. ही खाच बघा."

"नही. हाई तुमनं शे." तिने पदराची गाठ चाचपली. "मन्हं माले भेटनं."

तिला पटवायचं तर सगळं सांगावं लागलं असतं. तो थेंब खोटा आहे, त्याने तुम्हाला फसवलं, आणि तो फसवत होता तेव्हा हे नाणं माझ्या मुठीत होतं. मी नाणं पुन्हा मुठीत घेतलं. ती उठली, मला रामराम केला आणि वाटेला लागली. आणि त्या वेळी मला जे वाटलं ते लिहायलाच हवं, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. मला हायसं वाटलं. नाणं माझं झालं होतं.

परतीच्या मोटारीत मी ते खिशातून तीनदा काढून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मोडवाल्याच्या नखाची किळस यावी तशी मला माझ्या बोटांची आली. घरी पोचल्यावर मोरीत बसून हात धुतले. बायकोने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. वाटलं होतं ती त्या मोडवाल्याला शिव्या देईल. तिने विचारलं, "गाव कोणतं तिचं?" मला माहीत नव्हतं. "नाव?" तेही मी विचारलं नव्हतं. ती चुलीकडे वळली.

महिन्याभराने जळगावचे वकील आपणहून आले. सुपारी कातरत त्यांनी भिंगातून नाणं पाहिलं. मग म्हणाले, "अप्रतिम. ही खाच नसती तर." आणि तिथल्या तिथे दोनशे देऊ केले. मला ते आवडायला हवं होतं. मला आठवतं ते एवढंच की ते सुपारीचे कण लागलेल्या बोटांनी नाणं धरून होते आणि मला ते हिसकावून घ्यावंसं वाटत होतं. "कुठून मिळालं?" त्यांनी विचारलं.

"मोडीतून," मी म्हणालो.

मी ते विकलं नाही. नवी नाणी घेणंही त्यानंतर सुटलं. शेतकरी बांधावर यायचे, हात पुढे करायचे, आणि मी, काही किंमत नाही याला, ठेवून द्या, असं सांगायचो. मोडवाल्याची कार्डं वर्षभर येत राहिली. मग तीही थांबली.

पुढच्या हंगामात दोंडाईच्याच्या आसपासच्या गावांची मोजणी निघाली आणि यादीत माझं नाव आलं. त्यातल्या कोणत्या गावात ती राहत असेल ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मला ती सगळीच गावं नको होती. मी पूर्व खानदेशात बदली मागितली. ती मिळाली, आणि आम्ही पहूरला राहायला गेलो. अर्जात कारण म्हणून मी प्रकृती लिहिली होती.