ताईच्या घरचं गोडं पाणी

ताईच्या गावी जाताना कुणी खाऊ नेत नाही, पाणी नेतं. समुद्र दाराशी, पण विहिरी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहातलं दूध नासतं. आता अणुवीज प्रकल्पाच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं होऊन नळाला येतं, हे ठाऊक असूनही सवयीने मी कॅन नेलाच.

प्रकल्पातच कामाला असलेले भावोजी हसले. "अरे, अणूची फक्त उष्णता. पाणी भट्टीला शिवतसुद्धा नाही."

ताईने नळाच्या पाण्याने पेले भरले. खिडकीबाहेरचा समुद्र मीठ मागे ठेवून माझ्या पेल्यात येऊन बसला होता. मी घोट तोंडातच धरला. चव नाही, वास नाही. खारं पाणी निदान जिभेला सांगून तरी यायचं. जे कळतच नाही, त्याला घाबरायचं कसं, आणि भरवसा तरी कशाचा धरायचा? भावोजींनी मात्र पेला एका दमात रिकामा केला. मग मीही गिळलं.

तेवढ्यात त्यांची धाकटी खेळून धापा टाकत आली. "बाबा, पाणी!"

भावोजींचा हात नळाकडे गेला आणि मध्येच थांबला. आमच्याकडे न बघता त्यांनी माझ्या कॅनचं झाकण उघडलं.