गेंगोचं मागचं दार

"आवं, गडाच्या मागच्या दारात एकटा उभा ऱ्हायला आमचा गेंगो! बाणांनी चाळण झाली, पर जागचा हालला न्हाई. खोटं वाटतंय व्हय? जावा, दगडावर अजून डाग हाय त्येच्या रगताचा."

मित्सुए आजी असं सुरू झाली की तोबिगामोरीचा गड चढून दमलेली माणसं पायऱ्यांवरच टेकायची. तिच्या पुढ्यात निखारा, त्यावर काडीला टोचलेल्या तांदळाच्या उंड्या, वर मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, लेप. शेजारी माझं दुकान. मी चढायला काठ्या देतो.

"डाग शेवाळाचा हाय, आजी," मी मुद्दाम म्हणायचो.

"तुझं तोंड शेवाळाचं! काठ्या इक गप."

गेंगो कुसाकाबे तिचा चारशे वर्षांमागचा पूर्वज. त्याचं नाव बुडू नये म्हणून बापानं तिला घरजावई आणला. तिचं मन होतं एका सुतारावर. तो कुसाकाबे नाव लावून घ्यायला तयार होईना, म्हणून तिनंच त्याला वाटेला लावला. घरजावई निघाला साकेबाज, पिऊन पिऊन लवकर गेला. आजी गडावर उंड्या भाजत राहिली. गड पडला त्या तिथीला दरसाल ती मागच्या दारात भाताची वाटी ठेवून यायची.

यंदा वाटी ठेवून ती नुकती चुलीपाशी बसली होती. एक साठीचा माणूस आला, हातात फडक्यात बांधलेली साकेची बाटली. कमरेत पार वाकला.

"कुसाकाबे आपणच ना? मी हातानो."

हातानो म्हणजे तेव्हा हा गड जिंकून घेणारं घराणं. मी काठी खाली ठेवली. आजी मात्र हसली. "आता काय भांडायचं, पाव्हणं? बसा, उंडी खावा."

"भांडायला नाही, आभार मानायला आलो. आमच्या देवघरात गेंगोबांच्या नावाची पाटी आहे. त्यांनी आतून मागचं दार उघडलं, म्हणून आमचं घर वर आलं. वडील अंथरुणाला खिळलेत. म्हणाले, एकदा जाऊन ये."

आजीचा हात निखाऱ्यावरच राहिला. "काय उघडलं?"

"दार. मग आमच्या लोकांनी त्यांना भातशेती दिली, आमच्यातलीच बायको करून दिली. चांगले म्हातारे होऊन गेले."

एवढं बोलून त्यानं वर बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "आपल्याकडं... ठाऊक नव्हतं?"

उंड्या जळायला लागल्या.

"त्येची पयली बायको हुती की," ती म्हणाली. आवाज ओळखू येईना. "पोरगं कडंवर. ती वर गडावरच हुती."

"तिचं काय झालं, आमच्याकडं कुणी सांगत नाही."

"तिच्याच पोटची आमी." तिनं स्वतःच्या दोन्ही तळव्यांकडं बघितलं. "तिला जळत्या गडात टाकून गेला आन भात पिकवीत बसला. आन मी त्या मुडद्याच्या नावापायी जिता माणूस घालवला."

हातानो पुन्हा वाकला, वाकलेलाच राहिला. बाटली त्यानं फळीवर ठेवली होती. ती तिनं घेतलीही नाही, बाजूला सारलीही नाही.

खालून पाचसहा माणसं धापा टाकत वर आली. त्यातल्या एका बाईनं उंड्यांच्या तीन काड्या मागितल्या.

आजीनं जळक्या काड्या बादलीत टाकल्या, पंखा उचलला. "सरा पाव्हणं, धूर लागंल," म्हणाली आणि नव्या उंड्यांना मिसो लावायला घेतला.