पहिली येईल ती गाडी

हे माझ्या मुलीला ठाऊक नाही, बहिणीलाही नाही. ज्यांना ठाऊक असायला हवं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुमची-माझी गाठ पुन्हा पडायची नाही — म्हणूनच असेल.

आमचे हे कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टवर होते. घर दौंडला, स्टेशनच्या मागंच. उभा जन्म गाड्यांचे भोंगे ऐकले, बसायला मात्र सवड मिळाली नाही. रिटायर झाले आणि एके दिवशी मोठी नवी बॅग घेऊनच आले.

"स्टेशनवर जायचं आन् पैली यील त्या गाडीत बसायचं."

"अहो, पण कुठं?"

"गाडी न्हील तिकडं."

"आन् परत कवा?"

"कट्टाळा आला म्हंजी!"

हसत होते. इतकं मोकळं हसताना मी त्यांना फार वेळा पाहिलेलं नव्हतं.

मी बॅग भरायला घेतली. आता तुम्हीच सांगा — कुठं जायचं तेच ठाऊक नसेल तर भरायचं काय? उत्तरेची गाडी आली तर स्वेटर, शाली. खालच्या अंगाची आली तर सुती साड्या. दशम्या किती दिवसांच्या? भरायची, उपसायची, पुन्हा भरायची. माझं माहेर शिरूर, सासर दौंड. जाणं-येणं काय ते एवढंच. रात्री कुठं टेकायचं हे ठाऊक नसताना मी कधी उंबरा ओलांडलेला नाही. घातलेल्या घड्या मोडत होते, पुन्हा घालत होते.

'मला भीती वाटते' — एवढंच म्हणायचं होतं. ते चिडले नसते. कदाचित एखादं गाव ठरवून टाकलं असतं, माझ्यासाठी. मग मी का नाही म्हणाले? त्यांच्या आनंदावर पाणी पडेल म्हणून? — नाही. भित्री दिसेन म्हणून. लाज वाटली, बस.

निघायच्या सकाळी ते दाढी करून, नवे बूट घालून तयार. शेजारच्या शमाभाभींकडं किल्ली द्यायला वळले, आणि मी — मी भिंत धरली. खाली बसले.

"अहो, गरगरतंय मला."

गरगरत नव्हतं. काहीसुद्धा होत नव्हतं.

ते बुटांसकट आत धावले. डॉक्टरकडं नेलं. तिथंही मी तेच सांगितलं, थोडं वाढवूनच. इतकं सोपं असतं का हो खोटं बोलणं? तपासण्यांत काही निघालं नाही, तर हे उलट जास्तच घाबरले. घरी आल्यावर बॅग त्यांनीच उपसली. माझ्या साड्या वेड्यावाकड्या घड्या घालून कपाटात ठेवल्या. "गाड्या काय, रोजच जात्यात," म्हणाले. पुन्हा विषय काढला नाही.

पण तेव्हापासून रस्ता ओलांडताना माझं कोपर धरतात. पाण्याचा हंडा उचलू देत नाहीत. शिरूरला भावाकडं निघालो तरी एसटीत सगळी वाट माझ्या तोंडाकडं बघत बसतात — रंग उतरलाय का, घाम आलाय का. आणि मी बघू देते.

परवा शमाभाभी आणि रशीदभाई चहाला आले होते.

"आम्ही निघालोय गाडी घेऊन," रशीदभाई म्हणाले. "अजमेरपर्यंत नक्की, फुडचं काय ठरलं न्हाई. दोन शीट मोकळ्या हायेत. चला की तुम्ही!"

यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी पाहिला. मग त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"न्हाई भाई. हिला प्रवास झेपत न्हाई."

"मंग तुम्ही तरी चला. भाभी ऱ्हातील लेकीकडं."

"हिला टाकून? छ्या!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य — 'मी बरी आहे, जाऊ या.' तोंड उघडलंही होतं मी.

मी कपाळाला हात लावला.

हे लगेच उठले आणि पाणी घेऊन आले. मी ते प्यायले.