पालीच्या जादा गाड्या

माझ्या मुलीच्या शाळेने पालकांच्या ग्रुपवर एक पत्रक टाकलं. 'अंगणातलं विज्ञान' असा उपक्रम होता आणि तो सगळ्या कुटुंबाने मिळून करायचा होता. प्लास्टिक वापरायचं नाही, विकत काही आणायचं नाही, आणि मोबाइल लांब ठेवायचा. ही शेवटची अट मोबाइलवरच आली होती, पण ते कुणी बोललं नाही.

मुलगी पाचवीत आहे. आमच्या घरातलं कुटुंब म्हणजे ती, मी आणि माझे वडील. नवरा पनवेलकडे कंपनीत असतो, पाळ्या सांभाळून येतो-जातो. वडिलांना मी आप्पा म्हणते. आई गेल्यापासून आप्पा ओटीवरच्या खुर्चीत बसून असायचे. फाटकाबाहेर पाऊल टाकत नसत. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांना चालवा, नाहीतर हे खुर्चीतच राहतील. मी रोज म्हणायचे, चला समुद्रावर. ते रोज म्हणायचे, उद्या. त्यामुळे पत्रक आलं तेव्हा मला विज्ञानाशी काही देणंघेणं नव्हतं. मला आप्पांना खुर्चीतून उठवायचं होतं. जन्मभर सरकारी हुकूम पाळलेल्या माणसाला शाळेचा हुकूम तरी मानवेल, असा माझा हिशेब होता.

पहिला उपक्रम ओल्या कचऱ्याच्या खताचा होता. पत्रकात लिहिलं होतं की खड्ड्यात भाज्यांची देठं, फळांची सालं घाला, मासे-मटण घालू नका. हे पत्रक लिहिणाऱ्याने रेवदंड्याकडचं स्वयंपाकघर पाहिलं नसावं. आमच्याकडे ओला कचरा म्हणजे बोंबलांची डोकी, कोलंबीची सालं आणि मांदेलीचं पाणी. ते आई माडाच्या बुंध्यात पुरायची आणि माड त्याबद्दल तक्रार करत नसे. आम्ही पत्रकाप्रमाणे वाट पाहिली. आठवड्यात खड्ड्यात दोन केळ्यांची सालं आणि एक कोथिंबिरीची जुडी जमली. मुलीने मग न विचारता बांगड्याची डोकी टाकली. संध्याकाळपर्यंत आळीतली सगळी मांजरं उपक्रमात सहभागी झाली होती. आप्पांनी खुर्चीतूनच पाहिलं आणि खुर्ची जरा आत ओढून घेतली.

दुसरा उपक्रम मी निवडला. आमच्या घरामागे खाडी आहे. तिच्यात एक बांबू रोवायचा, त्यावर गेरूने पट्टे मारायचे आणि पाणी कधी सगळ्यात वर येतं ते पाहायचं. मुलगी परसातून ओरडून सांगायची आणि आप्पांनी ओटीवरून घड्याळ बघायचं, एवढंच काम मी त्यांना दिलं. उठायचं नव्हतं, म्हणून ते हो म्हणाले.

आप्पा बसस्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कधी आली, कधी सुटली, किती उशीर झाला, यात त्यांची हयात गेली. दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, "काल यापेक्षा लवकर आलं होतं." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आज पण लेट." चौथ्या दिवशी मुलीने हाक मारायच्या आधीच ते परसदारी येऊन उभे होते, आणि खाडीकडे अशा नजरेने बघत होते, जसे ते उशिरा आलेल्या ड्रायव्हरकडे बघत असतील. "रोज पाऊण तास लेट," ते म्हणाले. "आणि कुणी विचारणारं नाही."

मासे घेऊन येणारी कोळीणमावशी हे सगळं बघत होती. टोपली उतरवून म्हणाली, "त्याला घड्याळ कशाला लागतंय? आज कंची तिथ हाय ती बघायची, तिची पाऊणपट करायची. तितक्या वाजता भरती. माझी आयस पन तसंच मोजायची."

आप्पा म्हणाले, "आमच्यात तिथी चालत नाही."

"तुमच्यात न्हाय," मावशी म्हणाली, "पन पान्यात चालते ना." आणि मांदेली मोजायला लागली.

माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा देव, पंचांग आणि तिथ्या आमच्या घरातून एकदमच बाहेर गेल्या. आप्पांनी तो नियम कधी मोडला नाही. चतुर्थी, एकादशी हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नव्हते. पौर्णिमा तेवढी घरात होती, कारण ती बुद्धाची. त्या दिवशी वंदना आणि खीर असायची.

आईचं मात्र वेगळं होतं. ती शाळेत भूगोल शिकवायची. वर्गात पृथ्वीचा गोल फिरवून चंद्राचं आकर्षण समजावून सांगायची, आणि घरी बोटांच्या पेरांवर तिथ्या मोजायची. दोन्हीचं उत्तर एकच येत असल्यामुळे तिला काही अडचण नव्हती. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला ती मला घेऊन खडकांवर कालवं काढायला जायची. तिला कालवांचं वेड होतं. तिच्या पायाचा घोटा कधी भिजलेला मी पाहिला नाही. घरी ती एवढंच सांगायची, "पाणी उतरलंय, जाऊन येते." आणि आप्पा रात्री कालवांचा रस्सा दोनदा घ्यायचे.

ज्या घरात पंचांग नाही, तिथे तिला तिथी मिळायची कुठून, हे मला लहानपणीच कळलं होतं. आप्पा नोकरीतलं अवाक्षर घरी बोलत नसत. अपवाद एकाच बातमीचा. दर पंधरवड्याला जेवताना ते म्हणायचे, "आज पालीला जादा गाड्या सोडल्या." चतुर्थीला पालीच्या गणपतीला गर्दी होते, म्हणून जादा गाड्या. आई "हं" म्हणायची, भात वाढायची आणि ओट्याकडे वळून पेरं मोजायला लागायची. एकदा चौथा दिवस हाती लागला की पुढचं सोपं होतं. मी तिच्याकडे बघून गालात हसायचे. आप्पांच्याच तोंडून तिथी काढून घेते आणि आप्पांना पत्ता नाही, याची मला मोठी गंमत वाटायची.

मावशी गेल्यावर आप्पांनी बांबूकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिथी नाही म्हणायचं. चंद्राचा दिवस म्हणायचं. ते विज्ञान आहे." मुलीला पटलं. आता मोजायला सुरुवात कुठून करायची हा प्रश्न आला, आणि आप्पांनी तो एका वाक्यात सोडवला. "पौर्णिमेपासून. पौर्णिमा म्हणजे एक." बुद्धाचा दिवस शून्य कसा असेल, असं त्यांचं म्हणणं. पौर्णिमेनंतरचा दिवस एक धरतात, हे मला आईमुळे माहीत होतं. पण वडील पुष्कळ दिवसांनी तावातावाने बोलत होते आणि मला एका आकड्यासाठी ते थांबवायचं नव्हतं. शिवाय बांबू सांगेलच असं वाटलं.

बांबूने आप्पांचीच बाजू घेतली. त्यांच्या पाऊणपटीने आलेली वेळ आणि पट्ट्यावर चढलेलं पाणी रोज जुळायला लागलं. मला वाटलं, आईचं चुकत असेल. आप्पा खुर्चीत बसेनासे झाले. परसात फेऱ्या मारायला लागले. आणि एका शनिवारी सकाळी ते आपणहून म्हणाले, "उद्या हिला खडकावर नेऊ. कालवं दाखवू." मी दात घासत होते. मला रडू आलं, पण तोंडात पेस्ट असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

रविवारी आम्ही रिक्षा करून समुद्रावर गेलो. आप्पांनी इस्त्रीची पँट घातली होती. त्यांच्या हिशेबाने पाणी अजून उतरत होतं. किनारा आणि खडक यांच्यामध्ये एक खोलगट पट्टा आहे, तो आम्ही जवळजवळ कोरडाच ओलांडला. पुढचा तास फार चांगला गेला. मुलीने खेकडे पाहिले, कालवं पाहिली, दगडाला चिकटलेली फुलासारखी एक गोष्ट बोटाने मिटवून पाहिली. आप्पा एका खडकावर बसून घड्याळ बघत होते. "अजून उतरतंय," ते अधूनमधून जाहीर करायचे, पूर्वी माइकवर करायचे तसं.

मुलगी म्हणाली, "आजोबा, माझा मघाचा खेकड्याचा दगड बुडला."

"लाट आली असेल," आप्पा म्हणाले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आजोबा, आता तुमचा पण बुडतोय."

मागे वळून पाहिलं तर खोलगट पट्टा भरला होता. बुडण्याइतकं पाणी नव्हतं, पण अब्रू जाण्याइतकं होतं. मी मुलीला पाठुंगळी घेतलं. आप्पांनी आधी पँट वर धरली आणि मग सोडून दिली. मध्यावर मुलीच्या पायातली चप्पल निसटली आणि तरंगत निघाली. "प्लास्टिक समुद्रात सोडायचं नाही," ती माझ्या पाठीवरून म्हणाली. पत्रकात तसं होतंच. आप्पा कमरेइतक्या पाण्यातून चपलेच्या मागे गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा बराच जास्त व्यायाम झाला.

रस्त्यावर येऊन आम्ही रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. तिघांच्याही अंगातून पाणी गळत होतं. आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "रोज बरोबर येत होतं. आज समुद्राने फसवलं."

तेवढ्यात वळणावरून बस आली. खच्चून भरलेली, खिडक्यांतून जास्वंदीचे हार आणि नारळांच्या पिशव्या दिसत होत्या. काचेवर पाटी होती, 'पाली, जादा'.

आप्पा बस दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. त्यांच्या मोजणीने तो चंद्राचा पाचवा दिवस होता. पण जादा गाड्या पाचव्या दिवशी सुटत नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. "एक दिवस पुढे आहोत आपण," ते म्हणाले. मग म्हणाले, "खाडीत पाणी उशिरा चढतं. समुद्रातून आत यायला वेळ लागतो ना. माझी चूक आणि खाडीचा उशीर, दोन्ही सारखेच निघाले. म्हणून बांबू खरं सांगतोय असं वाटलं." मुलीने हे दोनदा समजावून घेतलं. ओल्या कपड्यांत उभं राहून झालेलं तेवढंच खरं विज्ञान.

मी म्हटलं, "आईचा घोटासुद्धा भिजायचा नाही."

"ती नीट मोजायची," आप्पा म्हणाले.

मला वाटलं, आता सांगून टाकावं. आई गेली, आता कुणाचं काय बिघडणार. मी म्हटलं, "आप्पा, ती तिथीवरून मोजायची. तुम्ही पालीच्या गाड्यांचं सांगायचात ना, त्यावरून."

आप्पांनी चपलेतलं पाणी झटकलं आणि ती मुलीच्या पायात घातली. "आपल्या घरातलं कोण जात होतं पालीला?" ते म्हणाले.

"कुणी नाही."

"मग मी ते कशाला सांगायचो, असं वाटलं तुला?"

रिक्षा आली नव्हती. आप्पा रस्त्याकडे बघत म्हणाले, "तिला कालवं आवडायची. आणि विचारलं असतं तर मला नाही म्हणावं लागलं असतं. म्हणून तिने विचारलं नाही. ती मोजायला लागली की मी दुसरीकडे बघायचो." एवढं बोलून त्यांनी रिक्षाला हात केला, आणि सीट भिजेल म्हणून रिक्षावाल्याची आधीच माफी मागितली.

मला तेव्हा आईचा फार राग आला. ती गेली आणि आप्पांना असं न बोलता सांभाळणं माझ्यावर टाकून गेली, असं वाटलं. राग घरी जाऊन चहा होईपर्यंत टिकला.

आप्पा दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीत बसले. कपडे वाळले, बांबू उभाच होता, पण ते परसदारी येईनात. मुलगी एकटीच पट्टे बघायची. मला वाटलं, संपलं. समुद्राने त्यांना हरवलं आणि आता ते उठत नाहीत. मी 'चला' म्हणणंसुद्धा सोडून दिलं.

मग एक दिवस संध्याकाळी घरी आले तर खुर्ची रिकामी. मुलगी म्हणाली, "आजोबा स्टँडवर गेलेत. चालत." ते दिवेलागणीला परत आले. घामेजलेले होते, हातपाय धुऊन पाटावर बसले.

मी ताटं घेतली. आप्पांनी आमटी भातावर ओतली, कालवली आणि स्वयंपाकघरात कुणी असो-नसो अशा आवाजात म्हणाले, "आज पालीला जादा गाड्या सोडल्यात."

"हं," मी म्हटलं आणि मुलीला भात वाढला. मग ओट्याकडे वळले आणि चौथ्यापासून पौर्णिमेपर्यंत बोटांची पेरं मोजली. मोजून झाल्यावर मागे पाहिलं. आप्पा भिंतीकडे बघत जेवत होते.