जिच्यात काही मावत नाही अशी बॅग

लॅपटॉपची बॅग घेताना लोक आत काय काय मावतं ते बघतात. मी भोरच्या दुकानात उभी राहून काय काय मावणार नाही ते बघत होते. दुकानदार चाचा, म्हणजे बाजारपेठेतल्या सगळ्यांचेच चाचा, कित्येक वर्षं बॅगा विकताहेत, पण असलं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं असावं. ते हौसेनं एकेक चेन उघडून कप्पे दाखवायचे आणि मी म्हणायचे, याहून लहान दाखवा.

त्याला कारण होतं. चाळिशी उलटल्यावर मला आयुष्यातली पहिली नोकरी लागली होती. भात आणि नाचणी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका गटाचं भोरमध्ये छोटंसं ऑफिस आहे. शेतकऱ्यांचे सातबारे, आधार कार्डं आणि फोटो लॅपटॉपवर चढवायचे, हे माझं काम. आठवड्यातले दोन दिवस घरून थेट वाड्यावस्त्यांवर जावं लागे, म्हणून लॅपटॉप माझ्याकडेच असायचा. तीन महिने बघू आणि मग ठेवायचं की नाही ते ठरवू, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

आमचं गाव हिर्डोशीच्या अलीकडे. दिवसाला एसटी मोजून तीन, त्यातली सकाळी सातची मुक्कामी गाडी माझी. अशा गावात जो माणूस रोज तालुक्याला जातो तो स्वतःचा उरत नाही. मी कामाला जाते हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, भोरला जाते एवढं मात्र आठवड्याच्या आत सगळ्यांना पाठ झालं. शेजारच्या वहिनींची मुलगी भोरच्या वसतिगृहात असते, तिचा डबा आला. मग मापाचा ब्लाउज आला, तो शिंप्याकडे टाकायचा. मिक्सरचं भांडं आलं, त्याचं पातं बदलायचं. कुणाचं पासबुक, कुणाच्या चष्म्याची तुटलेली काडी. प्रत्येकाचं म्हणणं एकच, एवढंच तर न्यायचंय, जाताच आहात तर.

या सगळ्यांच्या वरताण आमच्या आत्या. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. त्या वस्तू नुसत्या देत नसत, माझ्या वतीनं स्वीकारतही असत. मी भाकऱ्या थापत असताना बाहेर ओट्यावर त्यांचा कारभार चालू असायचा, आणि मी पदर खोचून निघेपर्यंत बॅग गच्च झालेली असायची. ती बॅग माझ्या नवऱ्याला शिरवळच्या कंपनीत दिवाळीला मिळालेली. तिचं तोंड एवढं मोठं की न मागता आ वासून बसायची.

नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना रोग आहे. भीड भिकेची बहीण, हे मला लहानपणापासून माहीत आहे आणि त्याचा काडीचा उपयोग झालेला नाही. मनातल्या मनात मात्र मी फार कडक बोलते. एसटीत बसून मी अख्ख्या गावाला रोज फैलावर घ्यायचे, आणि उतरल्यावर मुकाट्यानं मिक्सरवाल्याचं दुकान गाठायचे. स्टँडवरून वसतिगृह, तिथून शिंपी, तिथून मेडिकल, असं करत ऑफिसात पोचेपर्यंत सव्वादहा व्हायचे. एकदा कुणी गावठी अंडी भाताच्या तुसात घालून दिली. अंडी शाबूत पोचली, पण तूस लॅपटॉपमध्ये शिरलं आणि बटण दाबलं की कुरकुर आवाज येऊ लागला. साहेबांनी विचारलं तेव्हा मी धुळीवर ढकललं. त्यांनी धूळ ऐकून घेतली आणि म्हणाले की दहा म्हणजे दहा, तीनदा सांगून झालंय, चौथ्यांदा सांगणार नाही.

त्या दिवशी मी घाबरले. ही नोकरी मला हवी होती. पगार फार नव्हता, पण त्या खुर्चीत बसलं की मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं, आणि ते मला फार वर्षांत वाटलं नव्हतं. तोंडाला जे जमत नाही ते बॅगेनं करावं, असं मी ठरवलं आणि संध्याकाळी चाचांच्या दुकानात शिरले.

चाचांनी मला सगळं नीट समजावलं. आत गादी जाड हवी, कापड पावसाला दाद न देणारं हवं, आणि एसटीचा प्रवास असेल तर पाठीला लावायची घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. मी सगळ्याला मान डोलावली आणि काचेच्या कपाटातलं एक सपाट, काळं, बिनपट्ट्याचं कव्हर दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट केलं.

“ताई, हिच्यात चार्जरबी मावायचा न्हाई,” ते म्हणाले. “बॅग बघताय का पाकीट?”

पाकीटच, असं मी सांगितलं. एक चार्जर ऑफिसात होता, दुसरा घरी. आणखी काही मावायची गरजच नव्हती. चाचांनी जरा नाइलाजानंच बांधून दिलं.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर मी ते काळं पाकीट मिरवत उभी राहिले. वहिनी डबा घेऊन आल्या आणि सवयीनं बॅग शोधू लागल्या. मी पाकीट पुढं धरलं. चेहरा शक्य तितका पडलेला ठेवला, पण मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. वहिनींनी पाकीट बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि जरासुद्धा वाईट न वाटून घेता म्हणाल्या, मग हातात घ्या की.

हातांचा विचार मी केलाच नव्हता. मागून ब्लाउजवाल्या आल्या, त्यांनी दुसरा हात बघितला. गाडी आली तेव्हा माझ्या उजव्या हातात वायरची पिशवी होती, डाव्या हातात गाठोडं होतं, आणि लॅपटॉप काखेत. ओट्यावरून आत्या समाधानानं बघत होत्या. आधी निदान सगळं एका खांद्यावर होतं.

असे आठ-दहा दिवस गेले. मग एका गुरुवारी भोर स्टँडला गाडीत रेटारेटी झाली. उतरताना मी वस्तू मोजल्या. डबा, मिक्सरचं भांडं, ब्लाउज, चष्मा, चारही होत्या. पळतपळत मी चारही जिथल्या तिथं पोचवल्या आणि नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच दहाला पाच कमी असताना ऑफिसात हजर झाले. खुर्चीत बसले, स्वतःवर खूश होऊन पदरानं घाम पुसला आणि लॅपटॉप उघडायला हात पुढं केला. टेबलावर काहीच नव्हतं. काखेतही नव्हतं.

मी स्टँडवर धावले. गाडी साडेनऊलाच परत वर गेली होती. त्या दिवशी दुपारी भाटघरकडचे पंधरा-वीस शेतकरी यायचे होते, त्यांचे सगळे कागद त्या लॅपटॉपमध्ये. साहेबांना फोन करून खरं ते सांगितलं. ते म्हणाले की एकला येतो, मग बोलू. नवरा शिरवळला, त्याचा मोबाईल कामाच्या वेळी बंद. उरल्या आत्या. त्यांचा बटणांचा फोन कापडी पिशवीत घालून गळ्यात असतो.

लॅपटॉप म्हणजे काय, इथपासून सुरुवात करावी लागली. ती पाटी व्हय, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मुक्कामी गाडी, डावीकडची तिसरी सीट, काळं पाकीट, असं सगळं सांगितलं, आणि मग माझा आवाज फुटला.

“आत्या, ती पाटी गेली तर माझी नोकरी गेली.”

‘ठिवते’ एवढंच म्हणून त्यांनी फोन बंद केला.

साडेअकरापासून शेतकरी येऊ लागले. मी कोऱ्या कागदावर हातानं नावं लिहून घेत होते आणि दर दोन नावांनी दाराकडं बघत होते. पाऊण वाजता दारात आत्या उभ्या राहिल्या. छातीशी पदराखाली काहीतरी धरलेलं, जसं काही तान्हं पोरच घेऊन आल्या होत्या. पाकीट त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा ते गरम झालं होतं.

गाडी अकराच्या सुमारास गावात येते. आत्या साडेदहापासूनच रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या होत्या, गाडी थांब्याला थांबतेच हे ठाऊक असून. काळं पाकीट कंडक्टरनं आपल्या सीटजवळ जपून ठेवलं होतं. एवढं चपटं, त्याला कुणाचा तरी एक्स-रे वाटला होता. पाटी नुसती त्याच्या हाती पाठवून द्यायला आत्यांचं मन झालं नाही. त्याच गाडीनं, शेतातल्या लुगड्यातच, त्या भोरला आल्या.

मी लॅपटॉप उघडला आणि कामाला लागले. आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिल्या. टोपी हातात घेतलेले एक आजोबा मला मॅडम म्हणाले, तेव्हा त्यांनी आधी आजोबांकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. एकला साहेब आले. लॅपटॉप चालू, रांग चालू, आणि कोपऱ्यात एक म्हातारी. या कोण, त्यांनी विचारलं. सासूबाई, मी म्हटलं. त्यांनी आत्यांसाठी चहा मागवला आणि मला पुढच्या माणसाचा फोटो घ्यायला सांगितलं. त्या विषयावर ते तेव्हा बोलले नाहीत आणि पुढंही बोलले नाहीत.

दोन वाजता गर्दी ओसरल्यावर आत्यांनी विचारलं, जेवलीस का. मी ड्रॉवर ओढून बिस्किटांचा पुडा काढला. त्या पुड्याकडं बघत राहिल्या.

“तुजा डबा कुठंय?”

मी म्हटलं, आणत नाही. कधीपासून, त्यांनी विचारलं. पहिल्यापासून, मी म्हटलं, मोठ्या बॅगेत जागा नसायची आणि या पाकिटात तर नाहीच. हे बोलताना मला एकदम रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. अडीच महिने मी वहिनींच्या मुलीचा डबा वेळेवर पोचवत होते आणि स्वतः बिस्किटं खात होते, आणि हे मला कुणी विचारेपर्यंत खटकलंही नव्हतं. गावाला नावं ठेवत बसले, पण माझ्या बॅगेत माझी जागा मीच ठेवली नव्हती. आत्यांनी पुड्यातलं एक बिस्किट घेतलं आणि सावकाश खाल्लं.

संध्याकाळी त्या मला घेऊन चाचांच्या दुकानात गेल्या. पाठीची दाखवा, म्हणाल्या, इसरायला नको. चाचांनी माझ्याकडं एकदाही न बघता चार बॅगा काढल्या, हे त्यांचे उपकार. आत्यांनी एकेक बॅग स्वतःच्या पाठीला लावली आणि दुकानात चालून बघितली. प्रत्येक कप्प्यात कोपरापर्यंत हात घातला. मला वाटलं, संपलं आता, गावाची सोय होणार.

“हितं पाटी. हितं डबा. हितं पाण्याची बाटली,” त्या चाचांना म्हणाल्या. “आनि कुठं जागा न्हाई ना?”

चाचा म्हणाले, न्हाई. मग ही द्या, आत्या म्हणाल्या. राखाडी रंगाची, शाळेच्या पोरांची असते तसली बॅग. ती अजून माझ्याकडे आहे, आणि नोकरीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या थांब्यापर्यंत माझ्यासोबत आल्या. वहिनी डबा घेऊन उभ्याच होत्या. तो मी हातात घेतला. वसतिगृह वाटेवरच आहे आणि पोरीला उपाशी ठेवायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. मागून ब्लाउजवाल्या आल्या. नवी बॅग बघून त्यांचा हात आपोआप चेनकडं गेला, आणि आतला डबा हाताला लागल्यावर त्यांनी विचारलं की हा आणखी कुणाचा, कुठं पोचवायचाय.

“कुठं न्हाई पोचवायचा,” आत्या म्हणाल्या. “तिचाच हाय.”

त्यांनी ब्लाउज स्वतःच्या हातात घेतला, मंगळवारी मी भोरला जाणार हाय तवा टाकते, म्हणाल्या. गाडी आली. मला खिडकी मिळाली. बॅग मांडीवर घेऊन बसले, आणि भोर येईपर्यंत डबा मांडीला गरम लागत होता.